आजोबांची दुपार

नदीवर असताना अस्वलाचं नाव घेत नाहीत. त्याला ऐकू जातं, आणि आपल्याविषयी कोण काय बोललं हे तो विसरत नाही. म्हणून सैबेरियाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या आम्हा एवेन माणसांच्या तोंडी नदीकाठी त्याच्यासाठी एकच शब्द असतो: आजोबा. हे मी जानेवारीत, गावातल्या घरात बसून लिहिते आहे. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलं आहे आणि सगळे आजोबा आपापल्या गुहेत झोपलेले आहेत, तेव्हा तो दुसरा शब्द एकदा लिहून टाकायला हरकत नाही.

अडचण एवढीच, की गावात माझ्या सासऱ्यांनाही आम्ही आजोबाच म्हणतो. मुलं झाली आणि घरातलं प्रत्येक नातं एकेक पायरी वर सरकलं. नवऱ्याचे बाबा सगळ्यांचेच आजोबा झाले. नदीवर गेलं की मात्र ते पुन्हा 'बाबा' होतात, कारण तिथे तो मान आधीच दुसऱ्याला दिलेला असतो. हा बदल जिभेला आपोआप जमतो. कानांनाही जमतोच असं नाही, हे मला गेल्या ऑगस्टमध्ये कळलं.

सासऱ्यांचं नाव प्रोकोपी. वय अठ्ठ्याहत्तर. नदीच्या ज्या वळणावर त्यांची लाकडी खोली आहे, तिथे त्यांनी साठ उन्हाळे मासे धरले आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांचा कुत्रा तुमान म्हातारा होऊन मेला, आणि त्यानंतर महिन्याभरात आमच्या लक्षात आलं की त्यांना नीट दिसत नाही. इतकी वर्षं तुमान पुढे चालायचा आणि ते त्याच्या मागून. कुणाला शंकाही आली नव्हती. मी गावच्या दवाखान्यात काम करते. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तसा मोतीबिंदू धरलेला मला दिसत होता. शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घ्या म्हटलं की ते म्हणायचे, "माशाला सुरी लावताना मी हातांनी बघतो. डोळ्याला सुरी लावणारा कशाने बघणार?"

ऑगस्ट आला तसे ते जाळं बांधून नदीवर जायची तयारी करू लागले. माझा नवरा सेम्योन मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, "तू सुट्टी काढ आणि त्यांच्याबरोबर जा. आठ दिवस राहा, बघ, आणि मला खरं काय ते सांग. दिसत नसेल तर खोलीला कुलूप. नदी बंद, कायमची."

"आणि ते काय करतील गावात बसून?"

"जिवंत राहतील," तो म्हणाला. "उल्याना, तुझा त्यांच्यावर जीव आहे म्हणून सांगतो. लाडाकोडात खोटं बोलू नकोस."

बाबांना हे सगळं माहीत होतं. बोटीत बसताना त्यांनी विचारलं, "आली का तपासनीसबाई?"

पहिले पाच दिवस माझ्याकडे सांगण्यासारखं वाईट काहीच नव्हतं. लाल मासा समुद्रातून नदीत दाट चढत होता. बाबा पहाटे जाळं टाकत, दोर बोटांना लागताच किती मासे अडकले ते सांगत आणि क्वचित चुकत. मासा चिरताना त्यांची सुरी कण्यावरून अशी सरकायची की एक चकती मांस वाया जात नसे. मी चिरलेला मासा ते अंगठ्याने चाचपून पाहत आणि म्हणत, "हा उंदराने खाल्ला का गं?" वाळणीच्या दांड्यांवर युकोल्याच्या, म्हणजे वाळवायच्या माशाच्या, लाल रांगा लागल्या होत्या, खाली पॉप्लरच्या लाकडांचा धूर. संध्याकाळी माशाचा रस्सा, पाव, आणि लोणी घातलेला चहा.

कामाचा त्यांचा एक नियम होता. ऊन डोक्यावर आलं की जाळं बाहेर. मासा कितीही असो, उथळ पाण्यात नंतर पाऊल टाकायचं नाही. दुपारपर्यंत नदी आपली, दुपारनंतर आजोबांची. ही वाटणी कुणी ठरवली हे त्यांनाही सांगता येत नसे. मासा साफ करून निघालेली घाण आम्ही बोटीत घालून दूर खालच्या अंगाला, मोठ्या प्रवाहात सोडून यायचो. "शेजाऱ्याला आपल्या दारात खायची सवय लावू नये," बाबा म्हणत. "मग तो शेजारी राहत नाही, पाहुणा होतो."

आणि दुपारी आजोबा येत. त्या वर्षी येणारे एकटेच होते, फार म्हातारे, थोराड, मानेवरचे केस विटलेले. उजवा पाय टेकवत नव्हते. बाबांना ते येताहेत हे माझ्याआधी कळायचं. पलीकडच्या काठावरच्या सीगल पक्ष्यांचा कलकलाट एकदम थांबायचा, आणि बाबा हातातलं काम खाली ठेवून उभे राहायचे. मग टोपी काढून, वडीलधाऱ्यांशी बोलावं तसं बोलायचे:

"आजोबा, आम्हीच आहोत, ओळखीचे. आमचं आवरलंय. तुमचं चालू द्या."

एवढं सांगून आम्ही खोलीच्या ओट्यावर जाऊन बसायचो. आजोबा आमच्याकडे एकदा बघायचे आणि पाण्यात उतरायचे.

सहाव्या दिवशी वारा सुटला. वाळणीचे दांडे कुरकुरत होते, पाण्याचा आवाज फाटून येत होता. दुपारी बाबा एकदम थांबले, टोपी काढली आणि अतिशय अदबीने म्हणाले, "आजोबा, आम्हीच आहोत, ओळखीचे."

समोर पुरात वाहून आलेलं एक काळं खोड होतं.

 त्यांनी नेहमीचं सगळं बोलून घेतलं, टोपी घातली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी चहा ओतला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आज हलत नाहीत फारसे."

"दमले असतील," मी म्हटलं.

माझ्या हातून झालेलं हे पहिलं खोटं. त्याचा मला रात्रभर त्रास झाला. दवाखान्यात बसून मी लोकांना खरं सांगते, ते ऐकून माणसं रडतात, तरी सांगते. इथे एका खोडापुढे माझी जीभ अडली.

सातव्या दिवशी वारा पडला आणि खरे आजोबा आले. त्यांची अवस्था बघवत नव्हती. मासा समोरून जायचा, ते झेप घ्यायचे आणि दुखरा पाय दगा द्यायचा. दोनदा पाण्यात पालथे पडले. मग वरच्या अंगाच्या सपाट खडकावर जाऊन नुसते बसून राहिले.

संध्याकाळी सहाला मी वायरलेसचा संच उघडला. आमच्या वळणावरून गावापर्यंत आवाज पोचत नाही. गावाच्या वाटेवरच्या टेकाडावर फेक्लाकाकूचा तळ आहे. ती आमचं ऐकते आणि गावाला सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी विधवा झालेली ही बाई मनाने निर्मळ आहे, पण तिच्या आवाजाने मासे परत समुद्रात जातील.

"काय गं उल्याना, काय खबर?"

"मासा चांगला आहे काकू. पण आजोबांचं काही खरं नाही. उजवा पाय टेकत नाही. आज दोनदा पाण्यात पडले. मासा हाती लागत नाही, नुसते खडकावर बसून राहतात. हा हिवाळा निघेल असं वाटत नाही."

"अगं आई गं. आणि तुझा म्हातारा?"

"बाबा ना, बाबांचं सांगायचं म्हणजे..." आणि तिथे मी थांबले. खोडाचं सांगायचं होतं. शब्द जुळवेपर्यंत संचाची बॅटरी संपली. मला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जाळं आवरून आम्ही ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात खालच्या वळणावरून मोटारबोटीचा आवाज आला. बोट पूर्ण वेगात होती. काठाला लागायच्या आतच सेम्योनने गुडघाभर पाण्यात उडी टाकली. त्याच्या खांद्यावर माझ्याच दवाखान्यातलं स्ट्रेचर होतं.

"कुठे आहेत?" तो ओरडला. "कुठे ठेवलंय त्यांना?"

बाबांनी आवाजाकडे तोंड केलं. "सेम्या? काय रे, कोण मेलं?"

सेम्योन जागच्या जागी उभा राहिला. त्याने बाबांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता.

"उजवा पाय..." तो म्हणाला.

"कुणाचा?"

"आजोबांचा! काकूनेच सांगितलं ना. पाण्यात पडले, खडकावर बसून असतात, हिवाळा निघत नाही..."

मला उलगडा झाला. मागे बोटीतून फेक्लाकाकू एकेक पाय सांभाळत उतरत होती; सेम्योन वाटेत तिच्याकडून नेमकी हकिकत घ्यायला थांबला आणि धड न ऐकताच तिला बोटीत कोंबून निघाला होता.

"मी शब्दाला शब्द सांगितलं हो!" ती आल्या आल्या म्हणाली. "हा म्हणतो, घेऊन यायला उद्याच निघतो. मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हटलं, आण की बाबा, बोटीत मावले तर आण! तर हा म्हणतो, मावतील, आताशा हडकलेत. मी हसत बसले. मला काय ठाऊक हा गावाच्या कानांनी ऐकतोय!"

 बाबांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. "स्ट्रेचर आणलं," ते म्हणाले. "आजोबांना स्ट्रेचर! अरे, निदान चार माणसं तरी आणायचीस, खांदेकरी!" काकू हसायला लागली, मीही. शेवटी सेम्योनही, पण तो बाबांच्या शेजारी ओट्यावर बसला आणि त्याने त्यांचा उजवा गुडघा हाताने दाबून पाहिला. हात बराच वेळ तिथून काढला नाही.

"रात्रभर झोपला नाहीस?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"वेडा आहेस."

तेवढ्यात पलीकडचे पक्षी थांबले. या गडबडीत ते प्रथम माझ्याच कानांना जाणवलं. आजोबा तीस पावलांवर, उथळ पाण्याच्या काठी आले होते. बोटीच्या आवाजाने बिचकले नव्हते. बहुधा पळून जाण्याइतकं त्राणच नव्हतं. सेम्योनने माझं मनगट धरलं. काकू ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली, आणि एकदाची तिला हळू बोलताना मी ऐकलं.

आमची शांतता बाबांना कळली. ते उठले, दोन पावलं पुढे आले, टोपी काढली.

"आजोबा, आम्हीच आहोत, ओळखीचे. आज माणसं जरा जास्त आहेत, पण आमचीच आहेत."

ते त्या काळ्या खोडाशी बोलत होते. आजोबा होते त्यांच्या डाव्या हाताला, सरळ त्यांच्याकडे बघत.

सेम्योनचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. आठ दिवसांनी मला जे सांगायचं होतं, ते त्याने स्वतःच पाहिलं होतं. मी मनगट सोडवून घेतलं, पुढे गेले आणि बाबांचं कोपर धरून त्यांना डावीकडे वळवलं. थोडंसंच.

 हळूच, फक्त मला ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, "परवाही असंच?"

"हो बाबा."

"खोड?"

"खोड."

"आणि तू म्हणालीस, दमले असतील." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "खोडसुद्धा दमतं म्हणा, साठ वर्षं ऐकून ऐकून."

आजोबा खाली बसले. त्यांनी दुखरा पाय लांब केला, म्हातारी माणसं बाकावर करतात तसा. बाबांना ते दिसलं नसावं. पण ओल्या खड्यांवर वजन टेकल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि आता तोंड अगदी नेमकं तिकडे करून ते बोलू लागले. नेहमीचे शब्द नव्हते.

"आजोबा, पोरगा मला न्यायला आलाय. म्हणतो, तुम्ही थकलात. आता आपल्या दोघांतला कोण, ते त्याचं त्यालाच ठाऊक." ते थांबले. "मी जातो. बर्फ पडलं की शहरात जाऊन डोळा दाखवतो. माझी सून म्हणते, करतात, भीती नाही. मी डोळ्याचं बघतो, तुम्ही पायाचं बघा. पुढच्या ऑगस्टला दोघांचं जमलं, तर दुपारपर्यंत माझी नदी, दुपारनंतर तुमची. वाटणी आहे तीच राहू द्या."

 सेम्योनही टोपी काढून पुढे आला आणि बापाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. लहानपणानंतर त्याने नदीवर तो शब्द उच्चारला नसावा, जीभ अडखळली.

"आजोबा," तो म्हणाला, "खोलीला कुलूप नाही लावत. नुसती कडी घालतो."

नोव्हेंबरात एक डोळा झाला. दुसरा मार्चमध्ये व्हायचा आहे. पट्टी सुटल्यावर बाबांनी सर्वांत आधी मी चिरलेला युकोला मागून घेतला, खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "उंदराने नाही, घुशीने खाल्लाय." रोज सकाळी ते डोंगराकडच्या बर्फाकडे बघतात आणि मला विचारतात, उजवा पाय असा पोटाशी घेऊन झोपलं, तर सूज उतरते का गं? मी दवाखान्यातली बाई आहे. खरं सांगायची मला सवय आहे.

मी सांगते, उबेत राहिला तर कधी कधी उतरते, बाबा.