मास्तरांना उभं करताना

टेलरमास्तरांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांना पुन्हा चालतं करायचं काम माझ्याकडे आलं. मी फिजिओथेरपिस्ट. सकाळी इस्पितळात पेशंटांच्या छातीतला कफ मोकळा करते, दुपारी घरोघरी व्यायाम करून घेते. मास्तरांकडे आठवड्यातून तीनदा जायचे. उरलेले दिवस त्यांच्या बायकोचे, काकूंचे.

मास्तरांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा कसा धरायचा, स्वतःचे गुडघे वाकवून कसं उचलायचं, हे मी काकूंना शिकवलं. सत्तरीच्या काकू दोन दिवसांत तरबेज झाल्या. उठताना मात्र भिंतीला हात लावायच्या. मी एकदा विचारलंही. म्हणाल्या, "अगं, जुनं मशीन कुरकुरायचंच. तू ह्यांच्याकडे बघ."

मी ह्यांच्याकडेच बघत राहिले.

पाचव्या महिन्यात मास्तर खिडकीपर्यंत अकरा पावलं चालले. पुढच्याच आठवड्यात, मी नसताना, त्यांना उठवताना काकूंच्या गुडघ्याने दगा दिला. काकू खाली, मास्तर अंगावर. काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण छातीत कफ साठला. काकू माझ्याच वॉर्डात आल्या.

"काकू, खोका."

"खोकते गं बाई. ह्यांना कोण उठवतंय?"

"लेक आलीये."

"तिला नीट शिकव."

नवव्या दिवशी त्या गेल्या.

पंधरा दिवसांनी मी मास्तरांकडे गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. बोलताना जीभ अजून अडखळायची.

"मी घाबरून तिला ओढलं. माझ्यामुळेच पडली ना?"

नाही म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मी पलंगाजवळ बसले.

"मास्तर, काकूंचे गुडघे मी तपासायला हवे होते. पाच महिने येत होते, एकदाही बघितले नाहीत. चूक माझी आहे."



"मला सांगायची ती, दुखतात म्हणून," ते म्हणाले. "मीच म्हणायचो, त्या पोरीला सांगू नकोस. ती तुला उचलू देणार नाही, मग मी पडूनच राहीन."

त्यांनी डोळे मिटले. "उद्या ये. आज नको."

दुसऱ्या दिवशी गेले. आधी लेकीची कंबर, गुडघे तपासले. मग मास्तरांचा हात हातात घेतला. त्यांना रडू आवरेना. त्या दिवशी व्यायाम झाला नाही. ठरलेली वेळ संपेपर्यंत मी तो हात धरून बसले.