उताऱ्याचं कपाट

आरोग्य कार्यालयातल्या बाईंचा वर्ग पुलाखाली भरे. फळा नाही, हजेरीपट नाही. बाई तिथे ‘नशा सोडा’ असं सांगत नसत. ते सांगायला अख्खं गाव मोकळं होतं. बाई सांगत : एकट्याने घेऊ नका, दुसऱ्याची सुई टोचू नका, आणि कुणाचे ओठ निळे पडले तर थोबाडीत मारत बसू नका. नाकात फवारा मारा, तोंडाने श्वास द्या.

फवारा म्हणजे अतिनशेवरचा उतारा. आरोग्य कार्यालयाने तो मोठ्या मनाने मागवला होता, दोनशे नग, आणि मोठ्या कुलपात ठेवला होता. वर्गासाठी रिकाम्या बाटल्या मिळत. त्यामुळे बाईंचे विद्यार्थी फवारा मारण्यात तरबेज झाले होते, फक्त फवारा नव्हता.

मंगळवारी भर दुपारी मास्तर धापा टाकत कार्यालयात आला. बाईंच्या चुका काढायचा, म्हणून वर्गाने त्याला हे नाव दिलेलं.

“बाई, धाकटा भाऊ पडलाय माझा. ओठ निळे. त्याची बायको श्वास देतेय.”

बाई भांडारात धावल्या. तिथल्या भाऊसाहेबांनी चष्मा लावला.

“लाभार्थी कुठाय?”

“पुलाखाली. बेशुद्ध.”

“सही त्याचीच लागते, बाई. दुसऱ्याच्या हातात दिलं की गैरवापर होतो.”

“आणि तो मेला तर सदुपयोग कसा करायचा, ते लिहिलंय का त्यात?”

भाऊसाहेबांनी खरोखर परिपत्रकाचं पान उलटून पाहिलं. “तसं काही दिसत नाही. शुद्धीवर आला की पाठवा ना, मी आहे इथेच.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस दुष्ट असता तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. हा बिचारा नियमाने वागत होता. कपाटाला काच होती, आत किती औषध आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून. बाईंनी टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि काचेवर घातलं.

पुलाखाली धाकट्याची बायको रडत नव्हती. रडायला श्वास लागतो, आणि तिचा सगळा नवऱ्याला चालला होता. पहिला फवारा वाया गेल्यासारखा वाटला. तीन मिनिटांनी दुसरा. मग धाकटा खोकला, डोळे उघडून म्हणाला, “कुणी उतरवली रे माझी?”

“आधी बायकोच्या पाया पड,” मास्तर म्हणाला. “मग भांड.”

बाईंचा राग मात्र उतरेना. त्या बायकोचा दम तुटला असता तर? त्या तडक परतल्या. भाऊसाहेब काचा गोळा करत होते.

“पंचनामा करावा लागेल, बाई.”

“करा. आधी ही पिशवी धरा.”

भाऊसाहेबांनी का कोण जाणे, धरली. संध्याकाळपर्यंत पुलाखाली प्रत्येकाच्या खिशात दोन-दोन फवारे होते, भरलेले.

शुक्रवारी वरून नोटीस आली : शुद्धीत असलेल्या व्यक्तींना औषध का वाटले, याचा लेखी खुलासा करावा.

बाईंनी उभ्याउभ्याच लिहिलं : ‘बेशुद्ध माणसाला स्वतःच्या नाकात फवारा मारता येत नाही. कार्यालयाची इच्छा असल्यास प्रात्यक्षिक ठेवते.’ खाली सही ठोकली आणि त्या वर्गाला निघाल्या.