जानरावांचा तळहात

"माळ्याचा हात ओलाच राह्यते जी! वांग्यावर पानी शिंपनारा कापसावर शिंपनार नाई काय?"

जानराव हे अडत्याच्या ओट्यावरून बोलले. अमरावतीच्या सगळ्या कापूसबाजाराला ऐकू जाईल, अशा बेताने.

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. जानरावांच्या बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चढल्या. इथवर ठीक. पण नत्थुजी माळ्याच्या बैलांनाही त्या चढल्या, आणि जास्त चमकू लागल्या. दोघे नांदगाव खंडेश्वरचे, बांधाला बांध. तीच काळी माती, तोच पाऊस, तरी नत्थुजींचा कापूस अधिक पांढरा. कास्तकार कोण आणि भाजीवाला कोण, हे जानरावांना पिढ्यांपासून पाठ होते; कापसाला ते ठाऊक नव्हते.

नत्थुजी मान खाली घालून आपल्या कापसाच्या गाडीच्या जुवापाशी उभे होते. त्यांची बायको गोदाबाई पुढे आली.

"भगवंतरावजी, आयकता ना? वर्षाची मेहनत हाय आमची या गाडीत."

अडते भगवंतराव पानाला चुना लावत म्हणाले, "बाजार हाय, बाई. बोलाची मनाई कोनाले करू? उद्या तुमचंबी तोंड बांधा लागंन."

"नोका बांधू. बोलू द्या त्यायले. पन जो ओला म्हन्ते, त्यानंच हात घालावा. रीतच हाय ना तुमची?"

पाण्याने कापसाचे वजन वाढते, म्हणून रीत होतीच. कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठ आवळायची, बाहेर काढून सगळ्यांसमोर उघडायची. कोरडा कापूस गळून पडतो, ओला चिकटतो.

जानरावांनी हात घातला. आत कापूस कोरडा होता, उन्हात वाळवलेल्या पापडासारखा कोरडा. आणि मऊ. असा मऊ कापूस त्यांच्या रानात कधी झाला नव्हता. चहूकडून माणसे बघत होती. जानरावांच्या कपाळावर घाम आला, मानेवर आला, मुठीतही आला.

मूठ उघडली. तंतू तळव्याला घट्ट बसले होते.

"चिकटला रे!" गर्दीतून कोणी ओरडले.

भगवंतरावांनी तळवा पाहिला, मग जानरावांचे तोंड. "काय म्हन्ता, जानराव? बोला."

माह्या हाताले घाम आला, एवढेच म्हणायचे होते. सकाळपासून ज्यांच्या तोंडाला खळ नव्हता, ते जानराव नत्थुजींच्या बैलांच्या शेंब्यांकडे बघत राहिले.

"ओल्याचा भाव," भगवंतराव म्हणाले.

"मंग नाई विकत," नत्थुजी म्हणाले, आणि बैल जुंपायला वळले.

गोदाबाई मात्र जानरावांपुढेच उभी राहिली. तिने हात पसरला.

"भाऊ, तेवढा आमचा हाय."

जानराव तळव्यावरून एकेक तंतू सोडवून तिच्या हातावर ठेवू लागले. घाम थांबेना; सोडवलेला तंतू त्यांच्याच बोटांना पुन्हा चिकटे. गोदाबाईने घाई केली नाही. तिचा तळहात कोरडा होता.