याडीची घुगरी

पाहुणे यायला दोन तास होते आणि मी याडीच्या हात धुऊन मागे लागलो होतो. याडी म्हणजे माझी आई, बसंतीबाई. आमच्या बंजारा तांड्यात आईला याडीच म्हणतात. भांडण होतं तिच्या घुगरीवरून. दोन्ही कानांजवळ केसांत गुंफलेली जाड चांदी आणि तिच्याखाली लोंबणारी घुगरी, चाललं की छुमछुम वाजणारी. लग्नात घालतात, आणि नवरा असेपर्यंत बाई ती उतरवत नाही. कोणाच्या कानाजवळचे केस मोकळे दिसले तर तांड्यात कोणी काही विचारत नाही, समजून घेतात.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पन्नाशीला आलेला, शहरात घर केलेला कारकून आहे मी.

"ढाणकीचे लोक हायेत, याडी," मी म्हणालो. "आजच्या दिवस लुगडं नेस अन् हे काढून ठेव." आम्ही बोललो आमच्या गोरबोलीत, तुम्हाला कळावं म्हणून असं सांगतोय.

"वर्षाचं लग्न माह्या घुगरीनं अडते काय?"

"अडलं तं?"

याडीनं कानाजवळची चांदी चाचपली. माझी मुलगी वर्षा आणि कुणब्याचा कपिल एकाच बँकेत. पोरांनी आपसात ठरवलेलं, पण कपिलच्या घरात आजा-आजीच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. त्या दोघांनी होय म्हटलं तरच लग्न होणार होतं, आणि आज तेच येत होते.

"काढ मंग," याडी म्हणाली. "पण तुह्या बाले दिसू देऊ नको."

बायकोनं हात लावायला साफ नकार दिला. "सासरा जिवंत हाये माहा," एवढंच म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. मग मीच मागे बसून एकेक पेड सोडला. पंचावन्न वर्षं त्या जागेला ऊन लागलं नव्हतं. खालची कातडी पांढरी पडली होती.

चांदी फडक्यात बांधून कपाटात ठेवली. बापाला मागच्या अंगणात तुरीच्या शेंगांचं गाठोडं दिलं आणि म्हणालो, "पाहुणे जाईस्तोवर इथंच सोलत बस. आत बायाबायांचं चालू हाये."

"बस्तो ना," बा म्हणाला. त्याला काय, तांड्यावरून आल्यापासून तो धुईलाच शिव्या देत होता. तीन दिवस सकाळी धुई, म्हणजे दाट धुकं, पडत होती आणि तुरीचा फुलोरा गळत होता.

पाहुणे आले. कपिलचे आजोबा भगवानराव पांढऱ्या टोपीत, आजी विमलताई साध्या सुती लुगड्यात. त्यांनीही बसल्या बसल्या धुईचाच विषय काढला. वर्षानं चहा आणला. विमलताईंनी तिला शेजारी बसवून घेतलं, जेवणखाण विचारलं. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच त्यांची नजर याडीकडे गेली आणि तिथेच थांबली.

त्या उठून याडीजवळ जाऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला. "मले मालूमच नव्हतं वं बाई. कवा गेले तुमचे मालक?"

याडीनं माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या वावरात तांड्यातल्या बाया येत कापूस वेचाले," विमलताई सांगू लागल्या. "आमी एकाच धुऱ्यावर, बांधावर बसून भाकर खात जाओ. कोनाची घुगरी उतरली का आमालेबी रडू ये."

भगवानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लय वाईट झालं," ते म्हणाले.

माझा बाप वीस पावलांवर शेंगा सोलत होता. एक हाक मारायची होती. मी खाली फरशीकडे पाहत बसलो. याडीही बोलेना, खोटं तिच्यानं बोलवत नव्हतं आणि खरं बोललं तर पोराचं नाक कापलं गेलं असतं. ते मौन किती वेळ चाललं कोण जाणे, पण त्या वेळात मी माझ्या बापाला मरू दिलं.

आणि बा आत आला. डोक्याला लाल पागोटं, हातात रिकामा गडवा. पाणी घ्यायला आला होता. त्यानं भगवानरावांची मांडीवरची टोपी पाहिली, विमलताईंचे डोळे पाहिले, मग याडीच्या कानाजवळचे मोकळे केस पाहिले. तिथे त्याची नजर जरा अडखळली.

"रामराम," तो म्हणाला. "मी बाबूसिंग. हिचा नवरा."

विमलताईंनी तोंडावर पदर घेतला. "माफ करा दादा, मी समजली..."

"तुमची काय चुकी? चांदी काळी पडली व्हती हिची. उजळाले काढली सकाळीच. मीच म्हनलो, पाहुण्यायसमोर चमकली पाह्यजे."

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. कपाटातून फडकं काढून आणलं आणि सगळ्यांसमोर आजीच्या मागे बसली. पेड तिला जमेना, तेव्हा विमलताई सरकल्या. "अशी घाल वं पोरी. धुऱ्यावर पाह्यलं हाये मी." दोघींनी मिळून घुगरी गुंफली. जाताना भगवानराव बाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पौष गेला का साखरपुडा उरकू."

सोयरीक जमली. घरात सगळे हसत होते. माझी मान वर होत नव्हती.

बानं मला मागच्या अंगणात गाठलं. "त्यायनं सांगतलं होतं काय उतरवाले?"

"नाई."

"मंग कोनं?"

दारावरच्या पाटीवर ठळक राठोड हे आमचं बंजारा आडनाव लिहिलेलं आहे, ते वाचूनच पाहुणे आत आले होते. बा शेंगांचं गाठोडं बांधू लागला.

संध्याकाळच्या बसनं दोघं तांड्यावर निघाली. मी पिशवी घेऊन मागे चाललो. ओट्याओट्यावर शेजारी बसले होते, पण छुमछुम ऐकू येईना. पाहतो तर याडीनं दोन्ही घुगऱ्या मुठीत दाबून धरलेल्या. मी आठवीत वसतिगृहात असताना ती भेटायला यायची, तेव्हा पोरं हसतात म्हणून मीच तिला तसं धरायला शिकवलं होतं.

"याडी, सोड ते," मी म्हणालो. "वाजू दे."

"राहू दे रे," ती म्हणाली. "तुह्या गल्लीत सवय झाली मले."