नववं पान

मित्रांनो, बाई गेल्याचं शाळेत कळलं त्या सोमवारी मी त्यांच्या टेबलावर उघडीच पडले होते. मी एक जुनी चित्रगोष्टींची वही आहे. माझी चित्रं बाईंनी काढली. त्यांचा नवरा बाइंडर. पुढे पानं वाढवता यावीत म्हणून त्यानं मला नुसती दोरी ओवली.

मी एकाच मुलीसाठी होते. वर्गातली खुर्चीसुद्धा तिच्या हुकमाशिवाय हलत नसे, म्हणून बाई तिला ‘सरकार’ म्हणत. सरकार स्वमग्न आहे. माणसांच्या चेहऱ्यावरून तिला जे कळत नसे, ते माझ्या चित्रांवरून कळे. रांगेत कसं थांबायचं, कुणी रडत असेल तर काय करायचं. प्रत्येक चित्रात तीच, लाल स्वेटरातली. एकदा तिनं आपणहून एका मुलीला विचारलं, “मी पण खेळू?” तेव्हापासून पाहुणे आले की शाळा मला मिरवायची.

माझ्या नवव्या पानावर लिहिलंय, ‘कधी कधी बाई रजेवर असतात. मग दुसऱ्या बाई येतात. नंतर आपल्या बाई परत येतात.’

सरकार ते पान उघडून दारात बसली. दुसऱ्या दिवशीही बसली.

“तिला काही सांगू नका,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “विसरेल आठवड्यात.”

ती विसरली नाही. मग नव्या बाईंनी मला कपाटावर फेकलं. “या चोपड्यामुळेच पोरगी दारातून हलत नाही!” खरं कुणी बोललं नाही, दोष मात्र माझ्या माथी.

पंधरा दिवसांनी बाईंचा नवरा त्यांचं सामान न्यायला आला. सरकारनं त्याला मला खाली काढायला लावलं आणि नववं पान त्याच्या नाकासमोर धरलं.

“काका, दुसऱ्या बाई आल्या. आपल्या बाई कधी येणार?”

त्यानं ते पान वाचलं. “बाळ, ही गोष्ट अर्धी राहिलीय.”

“पुरी करा.”

“मला चित्रं नाही येत गं. बाईच काढायच्या.”

“मग बाईंना सांगा.”

तो मला घरी घेऊन आला. नवव्या पानामागे एक नवं, दहावं पान ओवलं. रोज पेन्सिल घेऊन बसतो. बाईंची रिकामी खुर्ची काढतो. “खुर्ची कसली, तिवई झाली ही,” म्हणतो आणि खोडतो. खाली ‘बाई वारल्या’ लिहितो, तेही खोडतो. खोडून खोडून कागद विरलाय.

मित्रांनो, माझ्यासारख्या वह्या जपा म्हणून मी सांगणार नाही. मुलांशी खरं बोला, एवढंच सांगते. माझ्यातलं एक वाक्य खोटं ठरलं आणि ते दुरुस्त करायला शाळेतलं एकही मोठं माणूस पुढे आलं नाही.

सरकार अजून दारात बसत असेल. दहावं पान कोरं आहे.