करवंदवाडीची मोरी

मोरी हा शब्द मला देवजी सरपंचांनीच शिकवला. म्हणजे घरातली, भांडी घासायची नि अंघोळीची मोरी मला ठाऊक होती. त्यांनी शिकवली ती रस्त्याखालची. मी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आले, करवंदवाडीची सदस्य म्हणून. पहिल्याच सभेत म्हणाले, "आमच्या वाडीच्या ओढ्यावर पूल पायजे." सगळे हसले.

"मीनाबाय, पूल म्हंजे जिल्हा परिषद," सरपंच म्हणाले. "आपल्या आवाक्यात काय, तर मोरी. दोन नळे टाकायचे, वर मुरूम, की झाली वाट. तुमी मोरी मागा."

पुढच्या सभेत मी ताठ बसून मोरी मागितली. पूल म्हणणारी अडाणी बाई आता मोरी म्हणते, याचा मला केवढा तोरा! ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी वहीत ठराव लिहिला, 'करवंदवाडी येथे मोरी बांधणे.' माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षर अक्षर लावून वाचलं आणि सही केली. ओढ्याचं नाव त्यात नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मला घाई होती. माझी लेक सावळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिचं सासर उंबरमाळीच्या डोंगरात, तिथं तर आमच्याहून अवघड. दिवस श्रावणात भरणार होते, आणि पावसाळ्यात आमचा ओढा वाडीला तोडून टाकतो. दवाखाना पलीकडे, टोकावड्याच्या वाटेला, आम्ही अलीकडे. माझी जाऊ हौसा अशीच कळा देत काठावर झोळीत पडली होती आणि तिथंच गेली. मी तिचा हात धरून बसले होते.

सरकारी कामाला वर्षभर झोप आणि मार्चात जाग. निधी परत जाईल म्हणून एक दिवस ट्रॅक्टर आला, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून धडधडत सरळ वाडीत चढला. विटा, सिमेंट आणि पांढऱ्या लाद्यांची खोकी उतरली. लाद्या सरपंचांच्या मेव्हण्याच्या दुकानातल्या.

"नळे कुठं हायत?" मी धाऊ गवंड्याला विचारलं.

"मोरीला कसले नळे, बाय? पाणी जायला भोक ठेवलंय ना."

आठ दिवसांत हातपंपाजवळ ती उभी राहिली. चार भिंती, वर स्लॅब, आत पांढऱ्याशुभ्र लाद्या, कोपऱ्यात पाणी जायला भोक. पाणी यायला मात्र काही नाही. हातपंप तर दिवाळीनंतर नुसता खडखडतो. दारावर रंगवलं होतं, 'करवंदवाडी मोरी. काम पूर्ण.'

मी तणतणत पंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी शांतपणे वही काढली. "मीनाताई, शब्द तुमचाच आहे. सहीपण तुमचीच."

"सरपंच, तुमालाच ठावं होतं मला कोणती मोरी पायजे ती!"

"आसंल, चूक झाली आसंल," सरपंच म्हणाले. "पण आता वाडीच्या नावावर मोरी लागली. एका वाडीला दोनदा मोरी दिली तर बाकीचे गप बसतील का? चहा घ्या."

ज्याने मला शब्दाचा एक अर्थ शिकवला, तोच दुसरा अर्थ पुढे करून दात काढत होता. मला त्याची किळस आली. आणि मी तो चहा प्याले, याची आजही किळस येते.

श्रावणात एका दुपारी सावळीला कळा सुरू झाल्या. चौघांनी झोळी खांद्यावर घेतली. ओढा तांबडा, फेसाळलेला, दोन्ही काठ खात चाललेला. माझा नवरा नामा चार पावलं आत गेला आणि वाहायलाच लागला. करंजाच्या फांदीला धरून कसाबसा काठाला आला. झोळीतून सावळी ओरडत होती, "आये, मला नेता ना गो?" मला समोर हौसाच दिसत होती. मी झोळी मागे फिरवायला सांगितली.

घराचं छप्पर ठिकठिकाणी गळत होतं. सुईण सकुबाई म्हणाली, "त्या मोरीत न्या गो तिला. निदान कोरडी तरी हाय."

न्यावं लागलं. त्या लाद्यांवर गोधडी टाकून माझ्या लेकीला निजवलं. दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी जगल्या. मी ढसाढसा रडले आणि, खोटं कशाला बोलू, त्या भिंतीला हात जोडले.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं, तसे सरपंच आणि भाऊसाहेब बिस्किटांचा पुडा घेऊन आले. सरपंचांनी मोरीच्या भिंतीवर थाप मारली.

"बघा, मीनाबाय! वाया गेली म्हणत व्हतात. लागली का नाय कामाला?"

जमलेली माणसं हसली. सकुबाईने तर हात जोडले, "देव तुमचं भलं करो, सरपंच." वर्षानुवर्षं ज्यांनी आम्हाला काठावर मरायला ठेवलं, त्यांना आम्ही दुवा देत होतो. मी चहा टाकायच्या निमित्ताने घरात गेले आणि चुलीपुढे बसून राहिले.

बाहेर आले तेव्हा भाऊसाहेब कागदाची घडी करत होते. मी तो हातातून ओढून घेतला आणि अक्षर अक्षर लावून वाचला. 'मोरीत बाळंतपणाची उत्तम सोय झाली असून ओढ्यावरील कामाची वाडीस तूर्त निकड नाही.'

"ह्याच्यावर मी सही नाय करणार," मी म्हणाले. "मेले तरी नाय."

"तुमची नकोच, ताई." भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "लाभार्थ्याची लागते. ती झाली."

मी मोरीच्या दारात बसलेल्या सावळीकडे पाहिलं. पोरीला पदराखाली घेऊन ती हसत होती. सातवी शिकलेली माझी लेक, आमच्या घरातली सगळ्यात शिकलेली.

"मी सगळं वाचून सही केली, आये," ती म्हणाली. "चांगलंच लिवलंय. एकच शब्द नाय लागला मला. निकड म्हंजे काय गो?"