टाकीपर्यंत गप्प

गाडी फाटकाबाहेर पडली की पाण्याच्या टाकीपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्या घराचा नियम गाडीइतकाच जुना होता. खोकला आला तरी दाबायचा. लेक लहान असताना एकदा तिला मध्येच शू लागली, तरी तिला टाकी येईपर्यंत कळ काढावी लागली होती. पुढे लग्न झाल्यावर तिने हा किस्सा सासरच्या सगळ्यांना रंगवून सांगितला. टाकी मागे पडली की वडील मान डोलवून म्हणायचे, "ठीक आहे. बोला आता." मग गाडीत एकच कालवा व्हायचा.

तेवढ्या शांततेत ते गाडी ऐकायचे. घरात त्यांना कानसेन म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात त्यांचं काम गळती शोधण्याचं. लोखंडी दांडा रस्त्यावर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाईप नेमका कुठे झिरपतोय ते सांगायचं. त्यांनी खडूने फुली मारली की मजूर बिनधास्त खणायला लागत. निवृत्त झाल्यावर दांडा खात्यात जमा झाला, पण कान घरी आले. ते आता सगळेच्या सगळे गाडीच्या वाट्याला आले होते.

गाडी तशी साधीच. चार दारं, मागे डिकी, रंग एकेकाळी निळा. पगारदार माणसाने पोटाला चिमटा काढून घ्यावी अशी. तिच्या बरोबरीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या, ही मात्र एकदाही रस्त्यात रुसून बसली नव्हती. लोक विचारायचे, हे कसं काय हो? कानसेन म्हणायचे, "कंपनी गाडी बनवते. टिकवायची ती कानांनी." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की शेजारचे लोक त्यांच्या आधी ते पुरं करत.

या सगळ्यात खरी गोष्ट एकट्या माईंना ठाऊक होती. माई म्हणजे त्यांची बायको. उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेला, त्यामुळे शेवटच्या कपाटामागे चाललेली कुजबुजही त्यांना आपल्या टेबलाशी बसून ऐकू यायची. आणि माईंना कळून चुकलं होतं की कानसेनांना बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत.

पहिल्यांदा कळलं ते चहाच्या किटलीमुळे. किटली शिट्टी मारून मारून दमली आणि कानसेन तिच्या शेजारीच बसून निवांत पेपर वाचत होते. माईंना वाटलं, वाचनात गुंगले असतील. मग एके दिवशी गाडीचा पट्टा चिरक्या आवाजात ओरडायला लागला. टाकी आली, कानसेनांनी मान डोलवली आणि म्हणाले, "ठीक आहे. बोला आता."

माईंना आता शंका उरली नाही. सांगावं तरी कसं? ज्या माणसाने आयुष्यभर कानांचं खाल्लं, त्याला तुमचे कान गेले असं म्हणायचं? त्या पटकन म्हणाल्या, "अहो, हे काय चिरकतंय मेलं? माझं डोकं उठलं."

कानसेनांनी क्षणभर मान तिरकी केली. "पट्टा आहे. केव्हाचा ऐकतोय मी," ते म्हणाले.

हे धडधडीत खोटं होतं. माईंनी ते मुकाट्याने गिळलं आणि त्या दिवसापासून त्यांना डोकेदुखी जडली. ब्रेक कुरकुरला की डोकं, बेअरिंग गुणगुणलं की डोकं. लेकीने नेऊन त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासला, जावयाने मलम आणलं. कानसेन प्रत्येक वेळी डोकेदुखीचं कारण गाडीत शोधून काढत, गाडी वेळच्या वेळी दुरुस्त होई, आणि कानसेनांचं नाव राही. माईंना वाटायचं, आपण नवऱ्याला काय बेमालूम फसवतोय! कधी हसू यायचं, कधी वाईट वाटायचं.

त्याच सुमाराला कानसेनांनी समोरच्या काचेला एक लहानसा गोल आरसा चिकटवला होता. म्हणाले, "घे, तुला केस नीट करायला." माईंना त्यात स्वतःचे केस कधी दिसलेच नाहीत. बघावं तेव्हा कानसेनांचे डोळे दिसायचे. फुल्या नेमक्या मारणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीतला आरसा सरळ चिकटवता येत नाही, म्हणून त्या त्यांना चिडवायच्या. कानसेन हसायचे, पण आरसा काही सरळ करायचे नाहीत.

अशात लेकीची बदली झाली. ती परिचारिका. नवं इस्पितळ डोंगरापलीकडे, पहाटे निघायचं, रस्त्यात ना वस्ती ना माणूस, आणि मागच्या सीटवर झोपेतलं पोर, कारण पाळणाघर इस्पितळातच. गाडी घेणं भाग होतं आणि नवी झेपणारी नव्हती. जावई म्हणाला, "बाबांच्याच गाडीसारखी घेऊ, जुनी. तीच कंपनी, तेच मॉडेल. आणि बाबांनी ऐकून पास केल्याशिवाय घ्यायची नाही."

कानसेनांची कळी खुलली. इस्त्रीचा शर्ट काय काढला, दाढी काय केली! माईंना मात्र वेगळीच चिंता. आपल्या गाडीत त्या शेजारी असायच्या. तिथे चारचौघांत बॉनेटपाशी उभं राहून ऐकायचं होतं.

"मीही येते," त्या म्हणाल्या.

"ये की," लेक म्हणाली, "पण आई, आज डोकेदुखी काढू नकोस हं. बाबांना नीट ऐकू दे. तू कपाळ धरून बसलीस की त्यांचं लक्ष उडतं."

जुन्या गाड्यांचा व्यापारी गुळगुळीत बोलणारा होता. गाड्या ओळीत लावलेल्या, सगळ्यांना पॉलिश मारून आरशासारखं केलेलं. त्यांना हवी ती गाडी कडेलाच होती. पांढरी, नीटनेटकी, एकाच मालकाने वापरलेली. जावई गाडीभोवती दोनदा फिरला आणि तिच्या प्रेमातच पडला. लेकीने मागचं दार उघडून पोराची खुर्ची कुठे बसेल ते बघितलं.

"साहेब, तुमच्याबद्दल ऐकलंय," व्यापारी कानसेनांना म्हणाला. "तुम्हीच सांगा आता."

त्याने गाडी सुरू केली. कानसेनांनी बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले, पूर्वी रस्त्यात दांडा टेकवून मिटायचे तसे. सगळे गप्प. त्या शांततेत माईंना ते ऐकू आलं. इंजिनाच्या पोटातून बारीक, पातळ खुळखुळ येत होती, डब्यात चार टाचण्या घालून हलवाव्यात तशी. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या गाडीतही एकदा आला होता, आणि मेकॅनिकने इंजिन उघडून दाखवलं होतं: टायमिंग चेन सैल पडलेली. तो म्हणाला होता, तुटली असती तर असाल तिथे गाडी बंद, आणि इंजिनाचा चुराडा.

पहाट, डोंगर, मागे झोपलेलं पोर. माईंचा हात कपाळाकडे निघाला. आणि नेमका तेव्हाच त्यांना लेकीचा शब्द आठवला. कपाळ धरायचं नाही. चारचौघांत नवरा तोंडघशी पडायला नको, नंतर लेकीला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवून त्यांनी चेहरा सरळ केला, वर थोडं हसूही आणलं. ग्रंथालयात शाळेचे तपासनीस आले की आणायच्या, अगदी तसलं.

कानसेनांनी डोळे उघडले. आधी माईंकडे बघितलं, मग जावयाकडे.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "घ्या खुशाल."

झालं! जावयाने लगेच खिशात हात घातला. व्यापाऱ्याने हात पुढे केला, वर सांगितलं की संध्याकाळी आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे, तेव्हा आत्ताच बयाणा दिलात तर बरं. बाजूला घेऊन सांगायला आता 'नंतर' उरलंच नाही. माईंनी नवऱ्याकडे बघितलं. बिचारे कसे खूश दिसत होते, किती दिवसांनी त्यांचं कुणाला काम पडलं होतं! आपण आता बोललो तर हा आनंद आपल्याच हाताने पुसून टाकणार, हे त्यांना कळत होतं. पण लेकीच्या जिवाशी खेळ करून नवऱ्याचा मान राखता येणार नव्हता.

"थांबा," माई म्हणाल्या. "पैसे देऊ नका. ही गाडी खुळखुळतेय."

"आई!" लेक म्हणाली. "अगं, काय ठरलं होतं आपलं?"

"माझं डोकं दुखत नाहीये. माझं डोकं कधीच दुखत नव्हतं." माईंनी गाडीकडे बोट केलं. "मला ऐकू येतंय ते सांगतेय. आपल्या गाडीची चेन सैल पडली होती ना, अगदी तसाच आवाज आहे."

व्यापारी हसला. "मावशी, साहेबांनी ऐकलंय ना आता? कान कोणाचे आहेत ते तर बघा."

सगळ्यांनी कानसेनांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला होता. ते रागावले असावेत असं माईंना वाटलं, आणि त्यांनी मान खाली घातली. पण कानसेन व्यापाऱ्याला म्हणाले, "पुन्हा चालू करा."

गाडी पुन्हा सुरू झाली. या वेळी कानसेनांनी बॉनेटवर हात ठेवला नाही, डोळेही मिटले नाहीत. त्यांनी गाडीकडे चक्क पाठ केली, दोन पावलं पुढे येऊन माईंच्या समोर उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाकडे टक लावून बघत राहिले. जावई गोंधळला. आता चेहरा सांभाळण्यात काही अर्थ नव्हता. खुळखुळ सुरू झाली तशी माईंच्या भुवया जवळ आल्या आणि दोन्हींच्या मधोमध ती जुनी, उभी आठी पडली.

"टायमिंग चेन," कानसेन म्हणाले. "बंद करा. ही नको आपल्याला."

मग ते माईंना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लहान मुलाची असते तशी तक्रार होती, "मघाशी आठी का नाही घातलीस? मी बघितलं होतं. नव्हती."

माई बघतच राहिल्या. "म्हणजे तुम्हाला..."

"पट्टा ओरडला त्या दिवसापासून," कानसेन म्हणाले. "तू तोंडाने सांगतेस त्याच्या कितीतरी आधी तुझं कपाळ सांगतं. मी तेच बघत आलो. आज तू हसलीस, म्हणून मी पास केली."

लेक एकदा आईकडे, एकदा वडिलांकडे बघत होती. इस्पितळात रोज माणसं तपासणारी मुलगी, पण घरचं हे दुखणं तिला दिसलं नव्हतं. तिने वडिलांचा हात धरला आणि चांगलं मोठ्याने म्हणाली, "बाबा, कान तपासून घेऊ. मी बरोबर येते."

"घेऊ. ओरडू नकोस, एवढंही काही झालेलं नाही," कानसेन म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "पण तुमच्यासाठी आणखी एक-दोन गाड्या बघून होऊ देत. आम्ही दोघं येऊ."

घरी परत निघाले तेव्हा ते दोघंच होते. लेक आणि जावई त्यांच्या वाटेने गेले होते. नियम फक्त घरातून निघतानाचा, परतताना तो लागू नव्हता, तरी दोघंही गप्प होते. माईंच्या मनात एकेक प्रवास परत येत होता. आपण फसवतोय असं समजून त्या एवढे दिवस चोरून हसल्या होत्या, आणि हा माणूस तेवढे दिवस निमूटपणे त्यांचा चेहरा वाचत गाडी चालवत होता. कान गेल्यावरही एवढी जुनी गाडी एकदाही बंद पडली नाही, याला कोणी काहीही म्हणो, माईंना आता त्याचं कारण माहीत होतं. त्यांना रडू आलं, पण रडलं तर कपाळाला आठी पडेल आणि कानसेन उगाच गाडी थांबवतील, म्हणून त्यांनी ते आवरलं.

घराची गल्ली आली, गाडी अगदी हळू झाली. माईंनी त्या गोल आरशात बघितलं. कानसेनांचे डोळे तिथे होतेच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माईंच्या लक्षात आलं की आरसा मुळीच वाकडा नव्हता.

माईंनी मुद्दाम, काही आवाज नसताना, कपाळाला चांगली ठसठशीत आठी घातली.

गाडी जागच्या जागी थांबली. "काय झालं?" कानसेनांनी घाबरून विचारलं. "कुठून येतोय?"

"कुठूनच नाही," माई डोळे पुसत म्हणाल्या. "ठीक आहे. बोला आता."